मिलिटरी आणि मार्शल

सोलापूरकरांना १९३० सालचा मे महिना एका इंग्रजी शब्दजोडीने आठवतो, ती म्हणजे 'मार्शल लॉ'. मराठीत आपण त्याला 'लष्करी कायदा' म्हणतो. पण इंग्रजीत 'मिलिटरी लॉ' असाही शब्द आहे आणि त्यालाही आपण 'लष्करी कायदा'च म्हणतो. मग हे दोन्ही एकच का? मुळीच नाही.

'मिलिटरी' हा शब्द लॅटिनमधल्या शिपाई या अर्थाच्या शब्दावरून आला, तर 'मार्शल' हा मार्स या रोमन युद्धदेवतेच्या नावावरून. एक शिपायाचा, दुसरा युद्धाचा. विधानसभेतला मार्शल मात्र वेगळा; उच्चार तोच, कूळ निराळे. व्याकरणातही फरक आहे. 'मिलिटरी' विशेषण आहे, तसेच नामही. 'मिलिटरी आली' असे आपण मराठीतही म्हणतो. 'मार्शल' हे केवळ विशेषण, त्याला नामाचा आधार लागतो. 'मार्शल आर्ट'मध्ये ते नामाच्या आधी येते, 'कोर्ट मार्शल'मध्ये फ्रेंच वळणाने नंतर. गंमत म्हणजे हे कोर्ट मार्शल चालते मिलिटरी लॉखाली!

कारण मिलिटरी लॉ हा सैनिकांना शिस्त लावणारा लेखी, कायमचा कायदा. १९५० चा आर्मी ॲक्ट हे त्याचे उदाहरण. मार्शल लॉ म्हणजे मुलकी कारभार बाजूला सारून नागरिकांवर चालणारा सेनाधिकाऱ्याचा हुकूम.

सोलापूरने हा फरक सोसला. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटले. ८ मे रोजी गोळीबार झाला, शंकर शिवदारे बळी पडले. पुढचे काही दिवस इंग्रजांचा अंमल जणू संपलाच होता. १२ मे रोजी लष्कराने शहर ताब्यात घेतले. व्हाइसरॉयचा वटहुकूम त्यानंतर निघाला. म्हणजे हुकूम आधी, कायदा मागाहून! तिरंगा आणि गांधी टोपी गुन्हा ठरली. नगराध्यक्ष माणिकचंद शहा यांनाही शिक्षा झाली. हे ३० जूनपर्यंत चालले. पुढे ८ मेच्या घटनांच्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली.

म्हणून मिलिटरी लॉला 'सैनिकी कायदा' म्हणावे, मार्शल लॉला 'लष्करी अंमल'. सोलापुरात त्या दिवसांत जे चालले, त्याला कायद्याचे नाव देऊन सभ्य करू नये.