ल्युकेमिया झालेल्या मुलांसाठी पिक लाइन, हिकमन की पोर्ट? संसर्गाचा धोका कशात जास्त?

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे 'एएलएल' हा ल्युकेमियाचा प्रकार. त्याचे उपचार साधारण २ ते ३ वर्षं चालतात. इतका काळ औषधं कोणत्या नळीतून द्यायची, हा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो.

हाताला लावलेली साधी सुई का चालत नाही?

मुलांच्या बारीक शिरा सतत टोचून खराब होतात. शिवाय व्हिन्क्रिस्टीनसारखं औषध शिरेबाहेर झिरपलं, तर आजूबाजूच्या भागाला गंभीर इजा होते. म्हणून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत पोहोचणारी 'सेंट्रल लाइन' घालतात.

पर्याय कोणते?

पिक लाइन: दंडातल्या शिरेतून आत सरकवतात. टोक बाहेर राहतं. ड्रेसिंग साधारण दर आठवड्याला बदलावं लागतं.

हिकमन किंवा ब्रोव्हियाक: छातीच्या त्वचेखालून नेलेली नळी. हिचंही टोक बाहेर असतं.

केमोपोर्ट: त्वचेखाली बसवलेली छोटी डबी. औषध देताना तिच्यात खास सुई टोचतात. एरवी बाहेर काहीच नसतं, त्यामुळे मूल अंघोळ करू शकतं, खेळू शकतं. मात्र ती बसवायला आणि काढायला छोटी शस्त्रक्रिया लागते.

मग पोर्टच का नाही?

बाहेर टोक असलेल्या नळ्यांपेक्षा पोर्टमध्ये संसर्ग कमी होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण आजाराच्या सुरुवातीला मुलाच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी असू शकतात. अशा वेळी शस्त्रक्रिया जोखमीची ठरते. म्हणून काही डॉक्टर आधी पिक लाइन घालतात आणि नंतर पोर्ट बसवतात. पिक लाइनमुळे शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. अ‍ॅस्परॅजिनेज या औषधाने तो धोका आणखी वाढतो.

नळी हाताळणारे हातही महत्त्वाचे

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १०० हून अधिक अतिदक्षता विभागांत हात धुणं, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणं, गरज संपताच नळी काढणं असे ५ साधे नियम पाळले गेले. नळीमुळे होणारा रक्तातला संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटल्याचं २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. हा अभ्यास ल्युकेमियाच्या मुलांवरचा नव्हता, पण स्वच्छतेचे हे नियम त्यांच्या वॉर्डातही लागू होतात.

पालकांनी काय करावं?

नळीला सिरिंज जोडण्याआधी नर्सने हात धुतले का, नळीचं तोंड अँटिसेप्टिकने घासून पुसलं का, हे बघा. पुसलं नसेल तर बिनधास्त विचारा. ड्रेसिंग ओलं झालं किंवा सुटलं तर लगेच कळवा.

ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला किंवा नळी फ्लश केल्यावर थंडी वाजली, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना रक्तातला संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.