कॉटन ग्रीनचे रूळ आणि पेटीबाहेरचे ग्राफिक्स कार्ड

१. मुंबईच्या कापसाचा बाजार आधी कोटातील मोकळ्या मैदानावर भरे. पुढे तो कुलाब्यास गेला आणि १९२० च्या दशकात शिवडीलगतच्या भरावाच्या जमिनीवर आला. ‘कॉटन ग्रीन’ हे नावही त्याच्याबरोबर तिथे आले. वखारी एका जागी, बंदर व गिरण्या दुसऱ्या जागी. त्यामुळे सारी मदार मधल्या दुव्यावर होती. १९१५ मध्ये सुरू झालेली पोर्ट ट्रस्ट रेल्वे हा असाच एक दुवा.

२. हातात मावणाऱ्या गेमिंग संगणकापुढेही आज हाच प्रश्न आहे. त्याचा प्रोसेसर साधारण १५ ते ३० वॅटवर चालतो. मोठ्या ग्राफिक्स कार्डाला २०० वॅटही अपुरे पडतात. म्हणून कार्ड स्वतंत्र वीजपुरवठ्यासह बाहेर ठेवावे लागते. मग दुवा कोणता?

३. २००८ मध्ये एएमडीने ‘एक्सजीपी’ आणले. फुजित्सू सीमेन्सच्या अमिलो लॅपटॉपला ते जोडता येई. मात्र जोडणी खास असल्याने यंत्रे मोजकीच निघाली आणि प्रयोग मावळला.

४. २०११ मध्ये थंडरबोल्ट आले, १० गिगाबिट वेगाचे. २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीने यूएसबी-सी जोडणीतून ४० गिगाबिटचा मार्ग खुला केला.

५. तरी जोडणीचा आकार सारखा असला म्हणजे काम सारखे होते असे नाही. २०२२ च्या स्टीम डेकला यूएसबी-सी आहे, पण त्यातून कार्डाला लागणारे पीसीआय एक्स्प्रेस जात नाही. म्हणून हौशी मंडळींनी आतली एसएसडी काढून त्याच एम.२ खाचेत अडॅप्टर बसवला.

६. २०२३ मध्ये जीपीडीने ऑक्युलिंक जोडणी दिली. तिचा वेग सुमारे ६४ गिगाबिट. पण ती चालू यंत्रात जोडू वा काढू नये. आधी केबल, मग कार्डाची वीज, शेवटी संगणक, हा क्रम सुरक्षित. चित्र बाहेरच्या पडद्यावर घ्यावे. यंत्राच्या पडद्यावर घेतल्यास ते त्याच केबलमधून परतते आणि वेग घटतो.

७. २०२३ च्या आरओजी अ‍ॅलायला असूसची स्वतःची ‘एक्सजी मोबाइल’ जोडणी होती. २०२४ च्या अ‍ॅलाय एक्समध्ये ती गेली, सर्वसामान्य यूएसबी-४ आली. जुनी महागडी पेटी नव्या यंत्राला लागेना. पोर्ट ट्रस्टचे रूळ मात्र जीआयपी आणि बीबीसीआय या दोन्ही रेल्वेंच्याच रुंदीचे होते, म्हणून दोहोंच्या वाघिणी थेट बंदरात येत. दुवा एकाच मालकाचा असला की त्याचे आयुष्यही त्या मालकाच्या मर्जीइतकेच असते.