कांचेच्या पाटीवरील दप्तर

संग्रह आणि मांडणी यांचें नातें फार जुनें आहे. वस्तु थोड्या असतात तोंपर्यंत डोळा हाच त्यांचा कारकून असतो. त्या वाढल्या म्हणजे डोळ्याचें कांहीं चालत नाहीं, आणि मग त्यांना बांधावें लागतें, नांव द्यावें लागतें व ठराविक जागीं ठेवावें लागतें. आज खिशांत मावणाऱ्या फोनच्या कांचेवर ॲप्सच्या चित्रांची गर्दी होते आणि त्यांतील सजातीय ॲप्स एकत्र करून लोक त्यांचे फोल्डर करितात. एका चित्रावर बोट दाबून धरावें, तें दुसऱ्या चित्रावर नेऊन सोडावें, कीं दोहोंचा मिळून एक लहानसा चौकोन तयार होतो. क्रिया क्षणभराची आहे. परंतु ती इतकी सोपी होण्यापूर्वीं माणसाला कागद बांधण्याचा दीर्घ अनुभव घ्यावा लागला. बांधणारा कोण आणि नांव देणारा कोण, हा प्रश्न त्या सर्व इतिहासांतून चालत आलेला आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न अपरिचित वाटूं नये. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील मोडी कागद फडक्यांत गुंडाळून ठेवीत आणि अशा गाठोड्यास ‘रुमाल’ म्हणत. ‘दप्तर’ हा शब्द फारशींतून मराठींत आला. तो सरकारी कागदपत्रांना जसा लागतो तसाच शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या पिशवीलाहि लागतो. रुमालाचा गुण हा कीं, एका विषयाचे कागद एका ठिकाणीं राहतात. दोष हा कीं, गांठ सोडल्यावांचून आंत काय आहे तें दिसत नाहीं. ज्या कारकुनानें रुमाल बांधला त्याच्या ध्यानांत तें असे. तो गेला म्हणजे रुमाल मुका होई. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत या दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, त्यामागें अशा असंख्य गांठी पुन्हां सोडण्याचे श्रम होते.

पाश्चात्य कचेऱ्यांत हाच प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविला गेला. एकोणिसाव्या शतकांत तेथें पत्रांच्या घड्या घालून त्या लहान लहान खणांत खोंचून ठेवण्याची चाल होती. व्यापार वाढला, टंकलेखन यंत्रें आलीं, कागदांचा पूर लोटला आणि खण अपुरे पडले. पुस्तकांच्या दशांश वर्गीकरणाची पद्धति १८७६ सालीं प्रसिद्ध करणारे अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांनीं ‘लायब्ररी ब्यूरो’ ही संस्था काढिली होती. तिनें १८९३ सालच्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत कागद उभे ठेवण्याची पद्धति लोकांपुढें मांडिली. जाड कागदाची दुमडलेली घडी, तिच्यांत एका विषयाचे कागद आणि वरच्या कडेला किंचित् पुढें आलेल्या पट्टीवर त्या विषयाचें नांव: फोल्डर तो हाच. फिलिपाइन्स बेटांतील मनिला धाग्याच्या कागदाचा पिवळसर रंग व नांव ही दोन्ही त्याला चिकटलीं. रुमालाच्या मानानें यांत सुधारणा एकच, परंतु मोठी झाली होती. गांठ न सोडतां आंतील विषय बाहेरून वाचतां येऊं लागला.

संगणकांत आरंभीं घडीहि नव्हती आणि खणहि नव्हता. माहितीच्या तुकड्यांना नांवें देऊन त्यांची सरळ यादी केली कीं काम भागत असे. एकाच यंत्रावर अनेक माणसें काम करूं लागलीं तेव्हां यादी लांबली आणि एकाचें नांव दुसऱ्याच्या नांवावर आदळूं लागलें. १९६५ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे रॉबर्ट डेली व बेल प्रयोगशाळेचे पीटर न्यूमन यांनीं ‘मल्टिक्स’ या प्रणालीसाठीं एक निबंध लिहून यादीच्या पोटांत यादी व तिच्या पोटांत आणखी यादी अशी वृक्षासारखी रचना मांडिली. खोडापासून फांदी, फांदीपासून पान, असा मार्ग सांगितला कीं हवी ती वस्तु मिळे. मात्र हा मार्ग अक्षरें टंकून सांगावा लागे. तज्ज्ञाला तो पाठ असे. सामान्य माणसाला ती वाट अंधारांतील होती.

या वाटेवर दिवा लावण्याचें श्रेय मुख्यत्वें झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील संशोधकांकडे जातें. डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील आपल्या १९७५ सालच्या प्रबंधांत संगणकाच्या पडद्यावरील सूचक चित्रास ‘आयकॉन’ असें म्हटलें होतें. पुढें तेच झेरॉक्सच्या ‘स्टार’ या यंत्राच्या रचनेंत सहभागी झाले. १९८१ सालीं बाजारांत आलेल्या या यंत्राच्या पडद्यावर कचेरींतील टेबलच अवतरलें होतें. त्यावर कागद होते, फोल्डर होते, फायलींचे खण होते आणि टपालाच्या टोपल्याहि होत्या. यंत्राची किंमत सोळा हजार डॉलरांहून अधिक असल्यामुळें तें फारसें खपलें नाहीं. परंतु त्यावरील चित्र लोकांच्या मनांतून गेलें नाहीं.

तें चित्र सामान्यांच्या घरांत नेलें ॲपल कंपनीच्या मॅकिंटॉशनें. हें यंत्र २४ जानेवारी १९८४ रोजीं प्रसिद्ध झालें आणि त्यावरील अनेक चित्रें सुझन केअर या चित्रकर्तीनें काढिलीं होतीं. त्यांतील फोल्डराची एक मौज आहे. पहिल्या मॅकिंटॉशचा फोल्डर खरा नव्हताच. तबकडीवर सर्व लेखांची एकच सपाट यादी असे, आणि फोल्डर हा केवळ पडद्यावरचा देखावा होता. इतका कीं, दोन निरनिराळ्या फोल्डरांतहि एकाच नांवाचे दोन लेख ठेवतां येत नसत. पडद्यावरील घडीला खरा आधार १९८५ सालीं नवी रचना आल्यावर मिळाला. तरीहि मधल्या काळांत लोकांचें काम अडलें नव्हतें. वस्तु कोठें आहे यापेक्षां ती कोठें आहे असें माणसाला वाटतें, यावरच मांडणीची पुष्कळशी मदार असते. फोनवरील फोल्डरहि याच जातीचा आहे. त्यांत घातलेलें ॲप यंत्राच्या साठ्यांत हलत नाहीं. बदलतें तें मालकाच्या दृष्टीपुढील चित्र.

बांधून ठेवण्याला एक किंमत पडते, हें त्याच सुमारास दिसून आलें. झेरॉक्सच्याच संशोधन केंद्रांत काम करणारे थॉमस मलोन यांनीं माणसें आपलीं टेबलें कशीं लावितात याचा अभ्यास करून १९८३ सालीं निबंध लिहिला. टेबलावर दोन प्रकार दिसतात, असें त्यांनीं दाखविलें. एक नांव देऊन लावलेल्या फायलींचा आणि दुसरा नुसत्या ढिगांचा. ढीग हें केवळ आळसाचें लक्षण नव्हे. कोणता कागद कोणत्या नांवाखालीं घालावा हें ठरविणें मुळांतच कठीण असतें, आणि जो कागद डोळ्यांपुढें पडलेला असतो तो ‘हें काम राहिलें आहे’ अशी आठवण देत राहतो. तो फायलींत गेला कीं टेबल स्वच्छ होतें, पण आठवणहि त्याच्याबरोबर आंत जाते.

आतांपर्यंत बांधावयाचे ते लेख होते. ॲप म्हणजे लेख नव्हे, तें कामाचें हत्यार होय; आणि हत्यारेंहि वाढूं शकतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १९९० सालीं काढलेल्या ‘विंडोज ३.०’ मध्यें प्रोग्रामांचे गट करण्याची सोय होती. खेळांचा गट निराळा, किरकोळ उपयोगाच्या साधनांचा निराळा. गटांत गट मात्र करतां येत नसे. वृक्षाची खोल रचना हत्यारांना मानवत नाहीं; तीं हाताशींच हवींत, हा व्यवहार त्यांत दिसतो.

२९ जून २००७ रोजीं आयफोन विक्रीस आला तेव्हां त्याच्या कांचेवर अवघीं १६ चित्रें होतीं. बारा वर आणि चार खालच्या ओळींत. तेव्हां मांडणीचा प्रश्नच नव्हता. जानेवारी २००८ मध्यें चित्रांच्या जागा बदलण्याची व एकाहून अधिक पानें ठेवण्याची सोय झाली. त्याच वर्षीं १० जुलै रोजीं ॲप स्टोअर उघडलें, तें सुमारें ५०० ॲप्स घेऊन. एप्रिल २०१० पर्यंत त्यांची संख्या १ लाख ८५ हजारांच्या वर गेली. फोनवर त्या वेळीं ११ पानें होतीं. प्रत्येक पानावर १६ चित्रें, म्हणजे १७६. खालच्या कायमच्या ओळींतील ४ मिळविलीं कीं १८०. यापुढें जागा नाहीं. आणि १८० चित्रांतून हवें तें शोधावयाचें म्हणजे अकरा पानें उलटावयाचीं! ८ एप्रिल २०१० रोजीं स्टीव्ह जॉब्स यांनीं नव्या प्रणालींतील फोल्डर दाखविले, आणि २१ जून रोजीं ती प्रणाली लोकांना मिळाली. प्रत्येक फोल्डरांत १२ ॲप्स मावत, म्हणून १८० च्या जागीं २,१६० ॲप्स ठेवतां येऊं लागलीं.

या कामीं ॲपल पहिली नव्हती, हेंहि नमूद करणें न्याय्य होय. गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीचा पहिला फोन २००८ च्या ऑक्टोबरांत आला, तेव्हांच त्यावर फोल्डर करतां येत असे. त्यासाठीं आधीं रिकामा फोल्डर करावयाचा व मग त्यांत ॲप टाकावयाचें, असा क्रम होता. चित्रावर चित्र ठेवून फोल्डर करण्याची सुलभ रीत अँड्रॉइडनें २०११ सालीं स्वीकारिली. आधीं पेटी व मग वस्तु, हा कचेरीचा क्रम झाला; आधीं दोन वस्तूंतील साम्य व मग पेटी, हा मनाचा क्रम होय. लोकांना दुसरा सोपा वाटला यांत नवल नाहीं.

आयफोनच्या रीतींत आणखी एक बारकावा होता. एका खेळावर दुसरा खेळ ठेवला कीं यंत्र आपण होऊन ‘खेळ’ असें नांव सुचवी. मालकाला तें पुसून दुसरें लिहितां येई. एखादा ‘घर’ लिही, एखादा ‘रोजचें’ लिही, एखादी आई मुलाचेंच नांव घाली. दुकानाच्या दृष्टीनें बँक, गणिताचा अभ्यास आणि शाळेच्या बसचा नकाशा या तीन जातींच्या वस्तु होत. आईच्या दृष्टीनें त्या एकाच मुलाच्या. नांव देण्यांत जें शहाणपण लागतें तें हें.

परक्यानें बांधलेला रुमाल किती मुका असतो, याचा अनुभव आज पुष्कळ घरांत येतो. सुट्टींत आलेला नातू आजोबांचा फोन मोठ्या प्रेमानें नीट लावून देतो. पसरलेलीं चित्रें चार फोल्डरांत जातात आणि कांच आरशासारखी स्वच्छ होते. नातू परत गेल्यावर आजोबांना वीज बिलाचें ॲप सांपडत नाहीं. ‘दुसऱ्या ओळींत, हिरव्या चित्राशेजारीं’ अशी त्यांची खूण होती. ‘अर्थव्यवहार’ ही त्यांची खूण नव्हती. बिलाची तारीख टळते, आणि आपली बुद्धि आतां चालत नाहीं असें त्या बिचाऱ्या माणसाला वाटूं लागतें. वस्तुतः चूक बुद्धीची नसते. त्यांच्या दप्तराचा कारकून बदललेला असतो आणि तो त्यांना न सांगतां गांवीं गेलेला असतो.

सप्टेंबर २०२० मध्यें ॲपलच्या चौदाव्या प्रणालीबरोबर ‘ॲप लायब्ररी’ आली, तेव्हां हें काम यंत्रानेंच अंगावर घेतलें. सर्व ॲप्स तें स्वतः वर्गांत लावी. ते वर्ग मोडण्याची किंवा त्यांचीं नांवें बदलण्याची मुभा मात्र मालकाला दिलेली नव्हती. ज्याला लावण्याचा कंटाळा, त्याची सोय झाली, हें खरें. यंत्र थकत नाहीं आणि विसरत नाहीं. परंतु एखादें ॲप कोणासाठीं व कशासाठीं घेतलें, हें त्याला ठाऊक नसतें; दुकानाच्या पाटीवर जी जात लिहिली असेल तीच तें प्रमाण मानतें.

म्हणून फोल्डर करावे, पण ते आपल्या हातानें करावे. थोडके करावे, रोजचें हत्यार बाहेर डोळ्यांपुढें ठेवावें, आणि नांव असें द्यावें कीं तें वाचतांच आंतील वस्तु आठवावी. दुसऱ्याचा फोन लावून द्यावयाचा असेल तर त्याच्या शेजारीं बसावें, कोणतें ॲप कोठें ठेवूं असें विचारावें, आणि तो सांगेल तेंच नांव लिहावें. यास एखादा तास अधिक लागेल. पुण्याच्या दप्तरांतील रुमाल पुन्हां सोडण्यास अभ्यासकांना जीं वर्षें लागलीं, त्यांच्या मानानें हा तास कांहींच नव्हे.