ताठ अंग आणि पहिले पाऊल

१/ न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील फ्रँकी मॅनिंगला त्याच्या आईनेच बजावले होते, की अंग इतके ताठ असताना नर्तक होणे शक्य नाही. मुलगा खोलीत झाडू हाती धरून सराव करू लागला. १९३५ मध्ये सॅव्हॉय बॉलरूममध्ये त्यानेच स्विंग नृत्यात जोडीदारणीला पाठीवरून उलटे फिरवणारी झेप प्रथम सादर केली.

२/ त्याच दशकात स्विंगचे संगीत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात घुमू लागले. गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्यासारख्या वादकांनी ते चित्रपटसंगीतात आणले. सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) गाण्यांत त्याचा ठसा स्पष्ट आहे.

३/ ‘अलबेला’चे नायक आणि दिग्दर्शक भगवान पालव हे गिरणी कामगाराचे पुत्र. तोवर त्यांची ओळख मारधाडपटांची, वय ३८. त्यांनी पडद्यावर आणलेली पावले अगदी साधी होती : किंचित वाकलेले गुडघे, डोलणारे हात, हलकेच उचललेला पाय.

४/ मॅनिंग यांनी ताठरपणा सरावाने जिंकला; भगवानदादांनी नवशिक्याला जमेल अशाच पावलांना मान मिळवून दिला. गणपतीच्या मिरवणुकीत प्रथमच नाचणारा संकोची मुलगा आजही बहुधा याच पावलांनी सुरुवात करतो.