चिविता दि बान्योरेजो : गाव म्हणजे भिंती की माणसं?

आजचा विषय एक गाव आहे, आणि तेही इतकं लहान की या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायला दहा मिनिटंही पुरतात. मध्य इटलीत, रोमच्या उत्तरेला, लात्सिओ प्रांताच्या व्हितेर्बो जिल्ह्यात हे गाव आहे. नाव चिविता दि बान्योरेजो. एका बाजूला बोल्सेनाचं मोठं सरोवर, दुसरीकडे ऑर्व्हिएतो शहर, आणि मधे दऱ्यांच्या जाळ्यात एकट्या उभ्या राहिलेल्या टेकाडावर हे गाव. वर्षभर तिथे राहणारी माणसं जेमतेम दहा-बारा. पाहायला येणारे मात्र वर्षाला लाखांच्या घरात. आता एवढ्याशा गावावर अख्खं व्याख्यान कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण असं की तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न या गावाने आपल्यासमोर दगडमातीत मांडून ठेवलेला आहे.

प्रश्न असा : गाव कशामुळे ते गाव असतं?

अरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात हा विचारलेला आहे. नगर तेच आहे की बदललं, हे कशावरून ठरवायचं? तटबंदी तीच आहे म्हणून नगर तेच, असं म्हणता येईल का? तो म्हणतो, नाही. तटबंदी काय, साऱ्या पेलोपोनीसभोवती घालता येईल, म्हणून ते एक नगर होणार नाही. बॅबिलॉनचं उदाहरण तो देतो. शहर शत्रूने घेतलं, तरी शहराच्या एका भागाला तीन दिवस त्याचा पत्ता नव्हता म्हणे! मग त्याला एक नगर कसं म्हणायचं? त्याचं उत्तर थोडक्यात असं की माणसं एकत्र येऊन ज्या व्यवस्थेने राहतात, त्या व्यवस्थेत नगराची ओळख असते.

पुढे सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिडोरने हेच शब्दांच्या अंगाने सांगितलं. लॅटिनमध्ये शहराला दोन शब्द आहेत, उर्ब्स आणि सिव्हिटास. उर्ब्स म्हणजे भिंती, घरं, बांधकाम. सिव्हिटास म्हणजे तिथे राहणारी माणसं. या सिव्हिटासचंच इटालियन रूप चिविता. इंग्रजीतले सिटी आणि सिटिझन हे शब्दही त्याच कुळातले.

इथे एक गंमत बघा. मराठीत आपण 'नगर' या शब्दापासून 'नागरिक' शब्द बनवतो. म्हणजे आधी नगर, मग त्यात राहणारा तो नागरिक. ग्रीकमध्येही तसंच, आधी पोलिस, मग पोलितेस. लॅटिनमध्ये मात्र क्रम उलटा आहे. आधी सिव्हिस, म्हणजे नागरिक. आणि त्यांच्या समूहाला नाव सिव्हिटास. आधी माणूस, मग गाव. आणि नेमकं ज्या गावाच्या नावातच 'नागरिकांचा समूह' आहे, त्या गावात आज नागरिक उरलेले नाहीत. हे कसं झालं ते पाहू.

सुरुवात जमिनीपासून करायला हवी. या भागात एके काळी समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेली चिकणमाती हा खालचा थर. पुढे बोल्सेनाच्या परिसरात ज्वालामुखी जागे झाले, त्यांची राख आणि ढेकळं या मातीवर येऊन पडली आणि घट्ट होऊन त्यांचा दगड झाला. त्याला टफ म्हणतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच, पण तो लाव्हा थिजून झालेला, म्हणून कठीण. टफ मऊ. साध्या हत्याराने कापता येतो, त्यात तळघर खोदता येतं. म्हणजे चिविताचं टेकाड कसं, तर खाली मऊ माती आणि वर तिच्यापेक्षा कडक दगडाचं झाकण.

टेकाडाच्या दोन अंगांना दोन ओढे वाहतात, रिओ कियारो आणि रिओ तोर्बिदो. नावांचा अर्थच स्वच्छ ओढा आणि गढूळ ओढा. हे ओढे खालची माती कापत राहतात. पावसात मातीचे उतार घसरतात. वरच्या दगडाचा आधार निघून जातो, मग त्याला उभ्या भेगा पडतात आणि एक दिवस कड्याचा तुकडा घराअंगणासकट खाली जातो. आसपासच्या दऱ्यांत मातीचे धारदार, उघडेबोडके कंगोरे दिसतात, त्यांना तिकडे कलांकी म्हणतात. दिसायला विलक्षण सुंदर. पण ती सगळी झीज आहे.

मग माणसं अशा जागी राहायला आलीच का? गाव वसवलं एट्रुस्कन लोकांनी, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी. कारण सरळ होतं. ज्या कड्यामुळे आज गाव पडतंय, त्याच कड्यामुळे ते सुरक्षित होतं. तट बांधायला नको, निसर्गानेच बांधून दिला होता. शेती खाली, वस्ती वर. दगड हाताशी, आणि दगड काढला की झालेल्या पोकळीत तळघर. दारूचे बुधले ठेवायला, ऑलिव्हचं तेल गाळायला या गुहा पुढे शतकानुशतकं वापरात राहिल्या.

मध्ययुगात इथे खरं गाव उभं राहिलं. बाराव्या-तेराव्या शतकात मध्य आणि उत्तर इटलीतल्या कितीतरी गावांनी आपला कारभार आपण चालवायला सुरुवात केली. या स्वशासित गावांना कम्यून म्हणतात. गावातल्या घराण्यांची आपसांतली भांडणं अशी की कुणाचाच कुणावर विश्वास नाही. म्हणून पोदेस्ता नावाचा अधिकारी मुद्दाम बाहेरगावाहून, ठरावीक मुदतीसाठी नेमायचा. चिविताच्या वेशीवर आजही दोन दगडी सिंह दिसतात, त्यांच्या पंजांत माणसांची मुंडकी आहेत. ऑर्व्हिएतोच्या मोनाल्देस्की या जमीनदार घराण्याचं वर्चस्व गावकऱ्यांनी झुगारलं, त्याची ती आठवण, असं सांगतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे. मध्ययुगीन इटलीत सिव्हिटास हा शब्द सर्रास कुठल्याही गावाला लावत नसत. जिथे बिशप बसतो ते सिव्हिटास. हे गाव बिशपचं होतं. चौकात सान दोनातोचं मुख्य चर्च होतं आणि कारभाराची जागाही तिथेच. धर्म, न्याय, बाजार, सगळं हाकेच्या अंतरावर.

याच गावात 1217 ते 1221 च्या दरम्यान जोव्हान्नी दि फिदान्झा नावाचा मुलगा जन्मला. आपण त्याला संत बोनाव्हेंतुरा म्हणून ओळखतो. पॅरिसच्या विद्यापीठात तो थॉमस अक्वायनसचा समकालीन. 1257 मध्ये फ्रान्सिस्कन संघाचा प्रमुख झाला. 1259 मध्ये ला व्हेर्नाच्या डोंगरावर, जिथे संत फ्रान्सिसचं वास्तव्य होतं, तिथे त्याला मनाच्या ईश्वराकडे जाणाऱ्या प्रवासावरचा ग्रंथ सुचला. 1274 मध्ये ल्यों इथल्या धर्मपरिषदेच्या काळात तो वारला. त्याच्या त्या ग्रंथात वेस्टिजियम असा एक शब्द येतो. अर्थ पाऊलखूण. जगातल्या वस्तू या कुणीतरी इथून गेल्याच्या खुणा आहेत, असं तो मानतो. त्या नीट वाचायच्या आणि पुढे जायचं. खुणेपाशीच थांबून राहायचं नाही.

आणि त्याचं घर? घर जिथे होतं असं सांगतात, तो बराचसा भाग कड्यावरून खाली गेला आहे.

आता निर्णायक वर्ष येतं, 1695. जून महिन्यात मोठा भूकंप झाला. घरं पडली, कडे खचले. दरीपलीकडच्या पक्क्या जमिनीवर गावाचंच रोता नावाचं उपनगर होतं. बिशप तिकडे गेला. कारभारही तिकडे गेला. मग मागोमाग कुटुंबं जायला लागली. आज ज्याला बान्योरेजो म्हणतात, ते हे पूर्वीचं रोता. म्हणजे नुसती माणसं आणि कचेऱ्या गेल्या नाहीत, गावाचं नावही पलीकडे गेलं. मागे उरलेल्या भागाला नुसतं चिविता हे नाव राहिलं.

इथे मला थोडं थांबायचं आहे. या गावाला 'मरणारं गाव' म्हणतात. बान्योरेजोतच जन्मलेले लेखक बोनाव्हेंतुरा तेक्की यांच्यामुळे हे बिरुद रूढ झालं. पर्यटनाच्या पाट्यांवर, पत्रकांवर तेच छापलेलं असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, निसर्गाने गाव मारलं. पण झीज काही 1695 मध्ये सुरू झाली नाही. ती एट्रुस्कनांच्या काळापासून होती. त्या झिजेसह हे गाव दोन हजार वर्षं नांदलं. का नांदलं? तर गाव चालवणारी व्यवस्था गावात होती. पाण्याचे निचरे साफ ठेवायचे, पडकी भिंत पुन्हा उभारायची, खर्च वाटून घ्यायचा, भांडण मिटवायचं, हे करणारी माणसं तिथेच राहत होती. भूकंपाने घरं पाडली हे खरं. पण घरं पुन्हा बांधता येतात. बिशपची गादी, कारभाराची दप्तरं आणि बाजार निघून गेल्यावर ती बांधायचं कारण उरत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पलीकडे गेलेल्यांनी गावाशी दगा केला, असं म्हणणं अन्यायाचं होईल. लेकरंबाळं घेऊन खचणाऱ्या कड्यावर कुणी का राहावं? उलट अरिस्टॉटलच्या आणि इसिडोरच्या हिशेबाने पाहिलं तर गाव मेलंच नाही. सिव्हिटास दरी ओलांडून पलीकडे गेलं, अलीकडे उर्ब्स उरलं. आजच्या बान्योरेजोत साडेतीन हजारांच्या आसपास लोक राहतात. ते जिवंत गाव आहे. बिशपपद मात्र तिथेही टिकलं नाही. 1986 मध्ये ते व्हितेर्बोत विलीन झालं. व्यवस्था एकदा सरकायला लागल्या की मोठ्या गावाकडे सरकतच राहतात.

चिविताकडे जाणारा सध्याचा काँक्रीटचा पादचारी पूल 1965 चा, सुमारे तीनशे मीटर लांब. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं ऑर्व्हिएतोहून बसने बान्योरेजोला गेलो आणि तिथून चालत. पुलाचा शेवटचा भाग चांगलाच चढाचा आहे, माझ्यासारख्याला दोनदा थांबावं लागतं. वेशीतून आत शिरल्याबरोबर एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंत दिसते. खिडक्या जागेवर आहेत, आणि खिडक्यांमागे आकाश. मागचं घर दरीत गेलेलं. चौकात फरशी नाही, साधी खडी आहे. तिथे जून आणि सप्टेंबरमध्ये गाढवांची शर्यत होते. एका जुन्या वाड्यात भूशास्त्राचं आणि दरडींचं संग्रहालय आहे, ते अवश्य पाहा. कडा कसा मोजतात, पोलादी सळयांनी कसा बांधून ठेवतात, हे तिथे समजतं.

या सगळ्याला पैसा लागतो. 2013 मध्ये नगरपालिकेने गावात शिरायला तिकीट लावलं, दीड युरो. पुढे ते पाच युरोंपर्यंत गेलं. टीका झाली, गावाला तिकीट कसलं लावता? पण लोक यायचे कमी झाले नाहीत, वाढलेच. या उत्पन्नावर बान्योरेजोच्या नगरपालिकेने रहिवाशांचे स्थानिक करही काढून टाकले. 2024 मध्ये व्हेनिसने एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. या लहानशा गावाने ते अकरा वर्षं आधी केलं होतं.

तर मग चिविता वाचलं का? भिंतींच्या अंगाने विचाराल तर हो, निदान आजपुरतं. कड्याची देखभाल होते आहे आणि त्या भागात अनेकांना रोजगार मिळतो आहे. हे लहान काम नाही आणि त्याला नाकं मुरडणं मला पटत नाही. पण माणसांच्या अंगाने विचाराल तर उत्तर अवघड आहे. घरं दुरुस्त झाली, ती बरीचशी सुट्टीपुरती येणाऱ्यांची किंवा पाहुण्यांना भाड्याने देण्याची. जिथे शाळा नाही, दवाखाना नाही, तिथे तरुण जोडपं संसार कसा मांडणार? पाहुण्यांच्या पैशाने भिंत टिकवता येते, शेजार टिकवता येत नाही. आणि जी गावं आज भरलेली आहेत, त्यांनी यातून एवढं तरी घ्यावं की शाळा, दवाखाना, कचेरी यांतलं काही हलवण्याचा कागद जेव्हा पुढे येतो, तेव्हा तो नुसता सोयीचा प्रश्न नसतो. गावाची व्यवस्थाच उचलली जात असते, आणि ते बहुतेकांच्या लक्षात फार उशिरा येतं.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल तर एक विनंती. बहुतेक प्रवासी बसमधून उतरतात, पूल ओलांडतात, फोटो काढतात आणि आल्या वाटेने परततात. बान्योरेजो त्यांच्या लेखी बसथांबा असतो. तुम्ही परत येताना तिथे तासभर थांबा. बाकावर बसा, कॉफी घ्या, दुकानात कोण येतं, कोण कुणाशी बोलतं ते पाहा. चिवितात तुम्ही पाऊलखुणा पाहिलेल्या असतील. ज्यांच्या त्या आहेत, त्यांचे वंशज या रस्त्यावर भाजी घेताना दिसतील.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.