शिवनेरीवरची बाळंतीण

शिवजयंतीची गर्दी ओसरल्यावरच्या रविवारी आम्ही दोघी बहिणी शिवनेरी चढत होतो. ताई बाळंत होऊन चार महिने झालेले, बाळ आईकडे ठेवलेलं. तिसऱ्या दरवाजाशी ती थांबली. "तू जा पुढं, मी इथंच बसते." दमली असेल असं मला वाटलं. खरं कारण तिने उतरताना सांगितलं. पायरी चढली, शिंक आली, बाळाला उचललं की तिला लघवी सुटते. डॉक्टरांना विचारलंस का? "बाळाच्या डोसला गेले तेव्हा विचारणार होते. पण तिथं सगळे बाळाचंच विचारत होते."

वर मी एकटीच जन्मस्थानाच्या इमारतीत गेले. तिथे पाळणा आहे. आपण जुन्नरकर लहानपणापासून तो बघत आलोय. शके 1549 की 1551, वैशाख की फाल्गुन, यावर इतिहासकारांनी कित्येक दशकं वाद घातला आणि अखेर 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख सरकारी कॅलेंडरवर आली. एवढा काथ्याकूट बाळाच्या जन्माचा. जिजाऊंच्या पुढच्या चाळीस दिवसांबद्दल मात्र मी वाचलेल्या पुस्तकांत एक ओळ सापडली नाही. ताप आला का, दूध दाटलं का, त्या कधी उठून चालायला लागल्या? 1630 चा पावसाळा कोरडा गेला आणि दख्खनमध्ये 1632 पर्यंत भीषण दुष्काळ पडला. गडावर तूप-दूध असेलही. पण त्याच वर्षी गडाच्या पायथ्याशी बाळंत झालेल्या बायकांच्या ताटात काय होतं?

घरी येऊन आजीला हे सांगितलं. ती म्हणाली, "पाळणा दावत्यात, पर बाज कुठं ठिवलीय?"

बाळंतिणीची बाज. खाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा-शेपाची धुरी, पोटाला घट्ट बांधलेलं लुगडं, तेल लावणारी सुईण, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू. या सगळ्याकडे आमची पिढी एकतर 'अंधश्रद्धा' म्हणून बघते, नाहीतर रीलमध्ये 'आजीचं विज्ञान' म्हणून मिरवते. मला दोन्ही आळशीपणाचं वाटतं. अळिवात लोह असतं आणि बाळंतिणीला रक्त कमी पडलेलं असतं, त्यामुळे तो लाडू चांगलाच. पण पहिला चीक फेकून देणं, बाईला पाणी मोजून देणं, अंधाऱ्या कोंदट खोलीत धूर कोंडणं हे घातकच होतं. त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे सव्वा महिन्याची विश्रांती, आणि नेमकी तीच सगळ्यांच्या वाट्याला आली नाही.

आजीचं सासर जुन्नरच्या पश्चिमेला, भाताच्या पट्ट्यात. माहेर भीमाशंकरच्या बाजूला, आंबेगाव तालुक्यात. (ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते आंबेगाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे.) तिचं तिसरं बाळंतपण आषाढात झालं. बाराव्या दिवशी बारसं आणि पंधराव्या दिवशी ती लावणीला, गुडघाभर चिखलात वाकलेली. वर डोक्यावर पाण्याचे हंडे. पुढच्या चाळीसेक वर्षांत तिने कोणाला सांगितलं नाही की तिचं 'अंग बाहेर येतं'. आजोबांना नाही, मुलींना नाही. सत्तरी ओलांडल्यावर लघवीच्या संसर्गाने दवाखान्यात दाखल झाली तेव्हा तपासताना ते कळलं.

बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात. गर्भाशय, मूत्राशय यांना तोलून धरणारी ती झोळी सैल पडते. सावरायला वेळ मिळाला नाही आणि वर ओझी उचलली, तर गर्भाशय खाली सरकू शकतं. ताईचा त्रास आणि आजीचा त्रास एकाच झोळीचा आहे. सुरुवातीला व्यायामाने फरक पडतो, पुढे आत बसवायची रिंग असते, नाहीतर ऑपरेशन.

याला आजार म्हणायला आपण फार उशीर केला असंही नाही. प्रसूतीनंतर अडलेल्या रक्तामुळे उठणाऱ्या कळांना सुश्रुतसंहितेत 'मक्कल्ल' असं नाव आहे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, बाळ दहा दिवसांत गेलं. त्याच आनंदीबाईंनी 1886 मध्ये पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर होताना प्रबंधाला विषय घेतला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. मुंबई विधिमंडळात 1928 मध्ये प्रसूतिरजेच्या विधेयकावर डॉ. आंबेडकर बाजूने बोलले आणि 1929 मध्ये कायदा झाला. तो कारखान्यातल्या बायकांसाठी होता. भाताच्या खाचरात कोण कोणाला रजा देणार?

मोजायला मात्र खरंच उशीर झाला. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले. यातला प्रत्येक आजार बाळंतपणातून आलेला नव्हता. पण याआधी कधी आतून तपासणी झाली होती अशा बायका फक्त 8 टक्के. मग 1995-96 मध्ये त्यांनी 39 गावांत 772 बाळंतिणींची घरी जाऊन नोंद ठेवली. बाळंतपणानंतरच्या दिवसांत 42.9 टक्के जणींना काही ना काही शारीरिक त्रास झाला होता. स्तनांच्या तक्रारी सगळ्यात जास्त, मग उशिरा सुरू होणारा रक्तस्राव, मग जननमार्गाचा संसर्ग. आजीच्या बाळंतपणांची अशी वही कोणी ठेवली नाही.

हे फक्त गरीब खेड्यांचं नाही. 2023 मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'ने जगभरचा आकडा मांडला: बाळंतपणामुळे महिनोन्‌महिने टिकणारा त्रास दरवर्षी किमान 4 कोटी बायकांना होतो. संबंधांच्या वेळी दुखणं 35 टक्क्यांना, कंबरदुखी 32 टक्क्यांना, लघवीवर ताबा नसणं 8 ते 31 टक्क्यांना.

मी डेटाबेसचं काम करते. टेबलमध्ये जो कॉलमच नाही त्याचा रिपोर्ट कधीच निघत नाही. आशाताई बाळंतपणानंतर 42 दिवसांत सहा-सात वेळा घरी येतात. हे फार मोठं काम आहे आणि त्याची मुळं गडचिरोलीतच आहेत. त्यात त्या आईचीही चौकशी करतात, पण योजनेचं नाव नवजात बालकाच्या काळजीचं आहे, आणि 42 दिवसांनी त्या भेटी थांबतात. ताईची तक्रार पायऱ्यांवर उघड झाली ती चौथ्या महिन्यात.

आजीला आता रिंग बसवली आहे. ती म्हणते, "आधी सांगितलं असतं तर?" आणि लगेच स्वतःच म्हणते, "कुणाला सांगणार व्हते?"

ताईला एका फिजिओथेरपिस्टने व्यायाम शिकवलाय. लघवी अडवून धरताना आवळतो ते स्नायू आवळायचे, मोजायचं, सोडायचं, दिवसातून तीनदा. ती विसरते म्हणून तिच्या मोबाइलमध्ये मी रिमाइंडर लावून दिलाय, बाळाच्या लसीच्या रिमाइंडरच्या खाली.