वाट पाहणारे यंत्र

बंगळूर शहराच्या वायव्येस मल्लेश्वरम् नावाची जुनी वस्ती आहे. १८९८ साली शहरात प्लेगची साथ आली, त्यानंतर दाट पेठा सोडून मोकळ्या हवेत राहावयास येणाऱ्या लोकांमुळे ती भरभराटीस आली. तिला नाव मिळाले ते काडु मल्लेश्वराच्या देवालयावरून. काडु म्हणजे रान; रानातला मल्लेश्वर. ह्या देवालयाशी महाराष्ट्राचा संबंध जवळचा आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे ह्यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवास दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख येथे आहे. हे गाव होते त्याच बाजूस आज भारतीय विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार पसरलेले दिसते. जमशेटजी टाटांनी तिची कल्पना केली, म्हैसूरच्या महाराजांनी ३७१ एकर जमीन दिली आणि १९०९ साली संस्था स्थापन झाली. जुने बंगळूरकर तिला अजूनही ‘टाटा इन्स्टिट्यूट’च म्हणतात.

गणकयंत्राकडून त्याच्या अंगी असलेला सारा वेग कसा काढून घ्यावा, ह्या प्रश्नाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा अध्याय ह्याच आवारात लिहिला जात आहे. प्रश्न वरवर पाहता विचित्र वाटतो. वेगवान यंत्र विकत घेतले की वेग आपोआप मिळावा, अशी सामान्य माणसाची समजूत असते. पण गणकयंत्राच्या बाबतीत ती खरी नाही.

आरंभीच्या काळी ही अडचण वेगळ्या रूपात होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन ह्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले ‘टिफ्रॅक’ हे यंत्र १९६० साली कामास लागले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या आणि त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २०४८ शब्द मावत. आजच्या मापात ही स्मृती अवघी दहा किलोबाइट भरते. एवढ्याशा जागेत आज्ञाही ठेवावयाच्या आणि आकडेही. त्यामुळे एक शब्द वाचवणे म्हणजे संसारात एक रुपया वाचवण्यासारखे होते, आणि त्या काळच्या आज्ञाकारांना ही काटकसर कोणी मुद्दाम शिकवावी लागली नाही.

पुढे स्मृती वाढत गेली, स्वस्त झाली, आणि काटकसर विस्मृतीत गेली. मात्र एक गोष्ट स्मृतीच्या विस्ताराबरोबर वाढली नाही, ती म्हणजे तिची चपळाई. गणना करणारा भाग, म्हणजे प्रोसेसर, वर्षागणिक झपाट्याने वेगवान होत गेला; त्याला आकडे पुरवणारी मुख्य स्मृती त्यामानाने फारच मंद गतीने सुधारली. दोहोंमधील दरी रुंदावत गेली. १९९५ साली वुल्फ आणि मॅकी ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी ह्या दरीला ‘स्मृतीची भिंत’ असे नाव दिले.

ही भिंत किती उंच आहे? तीन गिगाहर्ट्झ गतीच्या प्रोसेसरचा एक ठोका इतक्या अल्प वेळात संपतो की तेवढ्यात प्रकाशकिरणसुद्धा दहा सेंटिमीटरच जाऊ शकतो. हा एक ठोका एक सेकंदाचा मानला, तर प्रोसेसरच्या अगदी लगतच्या लहान साठ्यातून आकडा आणावयास चार-पाच सेकंद लागतात. मुख्य स्मृतीतून आणावयाचा झाल्यास चार-पाच मिनिटे. दोन आकड्यांचा गुणाकार करण्याचे प्रत्यक्ष काम तेवढ्यात शेकडो वेळा होऊन गेले असते. महागडे यंत्र बहुतेक वेळ नुसती वाट पाहत बसते.

ह्यावरचा उपाय प्रत्येक घरात गृहिणीने फार पूर्वीच शोधून ठेवला आहे. फोडणीचे सामान मिसळणाच्या डब्यात ओट्यावर असते, डाळ-तांदूळ फडताळात, वर्षाचे धान्य कोठीच्या खोलीत, आणि उरलेले वाण्याच्या दुकानात. फोडणी तडतडत असताना मोहरीसाठी कोणी बाजारात धावत नाही. गणकयंत्रातही असाच पायऱ्यापायऱ्यांचा साठा असतो आणि त्याला ‘कॅश’ म्हणतात. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स ह्यांनी १९६५ साली ही कल्पना मांडली, आणि १९६८ साली आय.बी.एम. कंपनीच्या ३६०/८५ ह्या यंत्रात ती बाजारात आली. आज प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्याशेजारचा पहिला डबा बहुधा ३२ किलोबाइटांच्या आसपास असतो. टिफ्रॅकची सारी स्मृती त्यात तीनदा मावेल! मुंबईतल्या त्या आज्ञाकारांपुढची तंग खोली अशा रीतीने फिरून आली. फरक एवढाच की ती आता डोळ्यांना दिसत नाही.

ह्या अदृश्य खोलीचा परिणाम एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होतो. हजार ओळी व हजार स्तंभ असलेली आकड्यांची दोन कोष्टके घेऊन त्यांचा गुणाकार करावयाचा आहे. शाळकरी रीतीने पहिल्याची आडवी ओळ आणि दुसऱ्याचा उभा स्तंभ ह्यांची जोडी लावतात. एकूण शंभर कोटी गुणाकार होतात. परंतु सी भाषेत कोष्टक स्मृतीत ओळीओळीने साठवलेले असते, आणि यंत्र एका वेळी एक आकडा आणीत नाही, सलग आठ आकड्यांची जुडी आणते. उभ्या स्तंभाने खाली उतरत गेल्यास प्रत्येक जुडीतला एक आकडा वापरला जातो आणि उरलेले सात फुकट जातात. आज्ञांचा क्रम बदलून दुसरे कोष्टकही आडवे वाचले, तर गुणाकार तितकेच होतात, उत्तर तेच येते, मात्र वेळ कित्येक पटींनी कमी लागतो.

ह्याही पुढची युक्ती अशी की कोष्टकाचे ३२ ओळींचे व ३२ स्तंभांचे चौकोनी तुकडे पाडावयाचे. असे तीन तुकडे २४ किलोबाइटांत बसतात, म्हणजे ओट्यावरच्या डब्यात राहतात, आणि एकदा आणलेला आकडा जाण्यापूर्वी बत्तीस वेळा उपयोगी पडतो. शिवाय आजचे प्रोसेसर एकाच आज्ञेने चार किंवा आठ आकड्यांवर क्रिया करू शकतात. मात्र आकडे शिस्तीने रांगेत उभे असले तरच. गणित एकच, सारा खेळ मांडणीचा.

ही मांडणी हाताने करणारे कसबी लोक जगात थोडे. त्यांत जपानचे काझुशिगे गोतो ह्यांचे नाव अग्रगण्य आहे. टेक्सास विद्यापीठात असताना त्यांनी यंत्राच्या मूळ भाषेत, एकेक आज्ञा पारखून, कोष्टकांच्या गुणाकाराचे कार्यक्रम लिहिले. मोठमोठ्या कंपन्यांना त्यांची बरोबरी करणे जड गेले. परंतु नवा प्रोसेसर आला की हे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागे, आणि असा कारागीर प्रत्येक प्रयोगशाळेला कोठून मिळणार?

भारताला हा प्रश्न अधिक बोचरा होता, कारण येथे मुळात यंत्र मिळण्याचीच पंचाईत होती. १९८०-८९ ह्या दशकात अमेरिकेने हवामानाच्या अंदाजासाठी क्रे कंपनीचे एक महासंगणक दिल्लीस देऊ केले, पण भारताने मागितलेले अधिक शक्तिमान यंत्र नाकारले. त्यातून १९८८ साली पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाले. त्यात इनमॉस ह्या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर एकमेकांशी जोडलेले होते, आणि प्रत्येकाच्या पोटात वेगवान स्मृती होती अवघी चार किलोबाइट. कोणता आकडा कोणाजवळ ठेवावयाचा आणि केव्हा शेजाऱ्याकडे धाडावयाचा, हे ठरवण्यातच अर्धे काम होते. नकारातून मिळालेले हे शिक्षण वाया गेले असे म्हणवणार नाही.

काळाचा विनोद असा की २०१५ साली विज्ञान संस्थेत जे ‘सहस्र-टी’ हे महासंगणक उभे राहिले, ते क्रे कंपनीचेच होते. त्याची कागदावरची क्षमता १२४४ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदास १२४४ लक्ष कोटी क्रिया. जागतिक कसोटीत प्रत्यक्षात उतरली ती ९०१.५. ही कसोटी मुख्यत्वे कोष्टकांच्या गुणाकाराचीच असते, म्हणजे मांडणीला सर्वांत अनुकूल. तरीही चतुर्थांशाहून अधिक शक्ती वाटेतच गळाली. एखाद्या विद्यार्थ्याने घाईने लिहिलेला कार्यक्रम त्याच यंत्रावर शंभरातला एक भागसुद्धा वापरीत नाही, हे नेहमी घडते. वीज मात्र पूर्ण जळते.

ह्याच संस्थेत २०११ साली रुजू झालेले प्राध्यापक उदय बोंधुगुला ह्यांचे काम नेमके ह्या गळतीवर आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात असताना २००८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह ‘प्लूटो’ नावाचे साधन प्रसिद्ध केले. त्यामागची भूमिती मोठी रम्य आहे. कार्यक्रमातील आवर्तने म्हणजे अवकाशातील बिंदूंची एक बहुतलीय रास, असे मानावयाचे. एका बिंदूला दुसऱ्याचे उत्तर हवे असेल तर त्यांच्यामध्ये बाण काढावयाचा. मग ह्या राशीला कसे तिरपे करावे, कसे कापावे, म्हणजे एकही बाण उलटा न होता परस्परांशी संबंध असलेले बिंदू जवळजवळ येतील, हा शुद्ध गणिताचा प्रश्न उरतो. फ्रान्समधील पॉल फोत्रिए ह्यांनी १९९०च्या आसपास ह्या विचाराचा पाया घातला होता. प्लूटोने तो व्यवहारात उतरवला. साधा, शाळकरी रीतीने लिहिलेला सी भाषेतील कार्यक्रम त्याला द्यावा, आणि चौकोनी तुकडे पाडलेला, अनेक गाभ्यांवर वाटलेला कार्यक्रम परत घ्यावा. २०१५ साली बंगळुरातूनच ‘पॉलिमेज’ हे चित्रप्रक्रियेसाठीचे साधन आले. त्यात तर माणसाने फक्त काय हवे ते सांगावयाचे. कसे करावयाचे हे यंत्र ठरवते.

हाताचे कसब ह्यामुळे संपले काय? तसे दिसत नाही. रचना कशी बदलावी हे साधन उत्तम सांगते. पण एका विशिष्ट प्रोसेसरमधील सोळा किंवा बत्तीस लहान कप्पे कसे भरावे, पुढची जुडी किती ठोके आधी मागवून ठेवावी, ह्या बारकाव्यांत अनुभवी माणूस अजून पुढे राहतो. गोतोंच्या कार्यक्रमांचा वारसा पुढे ‘ओपन-ब्लास’ ह्या नावाने खुला राहिला असून जगभरची शास्त्रीय गणिते त्यावर चालतात. त्याच्या अगदी आतला गाभा आजही निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी निरनिराळा, बहुतांशी हातानेच लिहिलेला आहे. विज्ञान संस्थेत २०२२ साली सी-डॅकच्या सहकार्याने ३.३ पेटाफ्लॉप क्षमतेचे ‘परम प्रवेग’ आले.